ड्रॉवरमधला वायरचा तुकडा

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणजे नेमकं काय करतो, हे माझ्या बायकोला एकवीस वर्षांत कळलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "आमचे हे गाड्यायच्या शोरूममधी आहेत." मग शेजारणींचे जावई माझ्याकडे नव्या गाडीवर सूट मागायला यायचे. मी गाड्या विकत नव्हतो आणि दुरुस्तही करत नव्हतो. वर्ध्याला नागपूर रोडवर आमचं शोरूम होतं, त्याच्या मागच्या अंगाला वर्कशॉप. दोन्हींच्या मध्ये काचेची भिंत आणि त्या काचेपुढे माझं टेबल. गाडी घेऊन आलेल्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकायचं, ते जॉबकार्डवर लिहायचं, कार्ड वर्कशॉपमध्ये पाठवायचं आणि काम झाल्यावर बिल समजावून सांगायचं, एवढीच माझी नोकरी. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. आत काम करणाऱ्यांचे हात कोपरापर्यंत काळे असायचे. माझे हात कायम स्वच्छ होते.

जॉबकार्डवर सगळ्यात वर एक चौकट असते, 'ग्राहकाचे म्हणणे'. नियम असा की ग्राहक जे बोलला तेच, त्याच्याच शब्दांत तिथे लिहायचं. हा नियम मी तरी कुणाला पाळताना पाहिला नाही. आष्टीकडचे एक काका यायचे. ते म्हणाले होते, "भाऊ, गाडी सकाळी उठल्या-उठल्या खोकलते, आन चहा पेल्याबिगर चालत नाई." हे कसं लिहिणार? मी लिहिलं, 'थंड इंजिन, मिसफायर'. एका गुरुजींच्या गाडीत डावीकडून कोणीतरी कण्हायचं. मी लिहिलं, 'डाव्या चाकाचं बेअरिंग'. दोन्ही वेळा निदान बरोबर निघालं. काका तर पुढच्या खेपेला घरची तुरीची डाळ घेऊन आले. हळूहळू मला वाटायला लागलं की मला, म्हणजे झाडेला, बॉनेट उघडायची गरज नाही, झाडे ऐकूनच ओळखतो. लोक तसं म्हणायचे आणि मला ते गोड लागायचं.

आता वॉरंटीबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच घडलं. वॉरंटीतली गाडी बिघडली की डीलर ती फुकट दुरुस्त करून देतो आणि मग कंपनीकडे त्याचा दावा पाठवतो. फोटो, तपासणीचे आकडे, काढलेला जुना भाग, सगळं जोडावं लागतं. कंपनीला काही कमी-जास्त वाटलं तर दावा परत येतो आणि खर्च डीलरच्या माथी बसतो. मग मॅनेजर साहेब काचेच्या केबिनमधून नुसतं बघायचे, आणि कार्ड ज्याने लिहिलं तो दिवसभर जेवायचा नाही. म्हणून आमच्यासारख्यांना एक सवय लागते. दोष गाडीचा की वापरणाऱ्याचा अशी शंका आली की वापरणाऱ्याचा लिहायचा. त्यात आपल्याला धोका नसतो.

आमच्या जिल्ह्यात वापरणाऱ्याच्या नावावर टाकायला उंदीर हाताशी होताच. सोयाबीन निघालं की शेतातले उंदीर कट्ट्यांबरोबर, म्हणजे पोत्यांबरोबर, घरोघरी येतात, आणि इंजिनची ऊब मिळाली की तिथेच बिऱ्हाड करतात. वायरीचं आवरण त्यांना का आवडतं देव जाणे. उंदरानं केलेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे कागदावर स्पष्ट छापलेलं असतं. देवळीचे एक कापूस व्यापारी होते, त्यांचा यावर विश्वासच बसेना. त्यांच्या गाडीतून मी वीतभर वायर काढून दाखवली. पिवळी वायर, तीन ठिकाणी कुरतडलेली, आतलं तांबं उघडं पडलेलं. ते हसले आणि म्हणाले, "हे ठेवा तुमच्यापाशी. आमच्यासारख्या अडाण्याईले दाखवाले कामी येईन."

तो तुकडा माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला. पुढची कितीतरी वर्षं मी तो काढून सांगत असे की बघा, एका गाडीत उंदरानं असं केलं होतं. यात काही खोटं नव्हतं. पण सांगता सांगता 'एका गाडीत' हे शब्द मी कधी गाळायला लागलो ते मला आठवत नाही. नंतर नंतर मी काहीच बोलत नसे. तुकडा नुसता टेबलावर ठेवायचो. समोरचा माणूस स्वतःच समजून घ्यायचा आणि बिल भरायचा.

ताकसांडे सिस्टर आल्या तेव्हा सोयाबीनचाच हंगाम होता. सेवाग्रामला तीस-बत्तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई, निवृत्त होऊन देवळीला राहायला आलेली. बारीक अंगकाठी, पांढरी सुती साडी, हातात पुरुषी घड्याळ. त्यांचे यजमान गणिताचे शिक्षक होते. गावात सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. सरांच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सेवाग्रामला न्यावं लागे आणि सिस्टर स्वतः गाडी चालवत नेत. गाडी त्यांनी त्याच कामासाठी घेतली होती, पेन्शनच्या पैशातून, आमच्याच शोरूममधून.

"चालता चालता जीव सोडते जी," सिस्टर म्हणाल्या. "मंग धा-पंधरा मिनटं थांबलं का आपोआप चालू होते. मांगच्या हप्त्यात दोनदा झालं. मागं सर बसून राह्यते, मले लय भेव वाटते."

मी मान डोलावली आणि लिहिलं, 'वायरिंग खराब, उंदीर'. कार्ड सहीसाठी पुढे सरकवलं. बहुतेक लोक न वाचता सही करतात. सिस्टरांनी चष्मा लावला.

"झाडे भाऊ, हे मी कवा म्हटलं?"

"सिस्टर, ती आमची लिहायची पद्धत असते."

"पेशंट म्हणते पोट दुखते. आपण केसपेपरवर डायरेक्ट अपेंडिक्स लिवत नाई. आधी पोट दाबून पाह्यतो."

मी हसून वेळ मारून नेली. त्यांनी सही केली, पण सहीच्या वर बारीक अक्षरात लिहिलं, 'चालता चालता बंद पडते'. गाडी आत गेली.

आत आमचा फोरमन होता रऊफभाई. अठरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. त्याच्या घरचा खिमा मी खायचो आणि माझ्या घरची झुणका-भाकर तो. कमी बोलणारा माणूस. त्याला ऐकून निदान करणं जमायचं नाही, त्याला गाडी उघडावी लागायची. थोड्या वेळानं तो काचेपाशी आला आणि म्हणाला, "झाडे साहेब, स्कॅनर तं पेट्रोलचं प्रेशर कमी दाखवून राह्यला. पंप गरम झाला का बसत असन. दिवसभर गाडी ठेवू द्या, गरम करून पाह्यतो."

त्याच महिन्यात पंपाचे दोन दावे कंपनीकडून परत आले होते आणि दोन्ही कार्डं माझ्या हातची होती. साहेबांची ती नजर मला तिसऱ्यांदा नको होती. मी म्हणालो, "वायरिंगचा हार्नेस बदलून टाका. कार्डावर तेच आहे." हार्नेस म्हणजे इंजिनातल्या सगळ्या वायरींची गुंफलेली जुडी. रऊफभाईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमी लिवलं तं बदलतो." त्यानं बदलली. पंप गरम झाल्यावरच दगा देत होता, त्यामुळे छोट्या चकरीत गाडी झकास चालली.

बिल बावीस हजारांच्या वर गेलं. सिस्टरांनी ते ओळीनं वाचलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवलं.

"लेबर साडेचार तासायचं लावलं. मी अकरा वाजल्यापासून हेच खुर्चीवर बसून आहो. आता दोन वाजले."

मी सांगितलं की लेबर घड्याळावर नसतं, कोणत्या कामाला किती तास धरायचे हे कंपनीच्या पुस्तकात ठरलेलं असतं. ते खरं होतं. पण इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणी विचारलं होतं आणि सांगताना माझा आवाज उगाच चढला.

"आन वॉरंटीत काऊन नाई? गाडी विकतानी तं म्हटलं, चार वर्षं टेन्शन नाई."

"उंदराचं नुकसान वॉरंटीत येत नाही, सिस्टर."

"उंदीर कोणी पाह्यला? आमच्या घरी दोन मांजरी आहेत."

"तपासणी झालीय. स्कॅनर लावला होता."

"स्कॅनरमधी उंदीर दिसते?"

मागे रांगेत उभे असलेले दोघं-तिघं खो-खो हसले. माझी कानशिलं तापली. ज्या टेबलावर लोक मला मान देत होते, तिथे एक म्हातारी बाई मला हसण्यावारी नेत होती, असं मला वाटलं. तिच्या बोलण्यात हसणं नव्हतंच, ती फक्त विचारत होती. पण रागात मी ड्रॉवर उघडला, पिवळ्या वायरीचा तुकडा काढला आणि त्यांच्या बिलावर ठेवला.

रांगेतल्या माना पुढे आल्या. सिस्टरांनी तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, दातांच्या खुणा पाहिल्या. त्यांचा चेहरा जरा ओशाळला. तो ओशाळलेला चेहरा मला अजून दिसतो.

"हे आमच्या गाडीतली आहे?" त्यांनी विचारलं.

तोपर्यंत मी तोंडानं खोटं बोललो नव्हतो, असं निदान मी स्वतःला सांगू शकत होतो. आता हो किंवा नाही म्हणायचं होतं. मी हो म्हणालो.

"मंग मले द्या. सराईले दाखवतो. ते म्हणत होते उंदीर शक्यच नाई." त्यांनी तुकडा रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला, पैसे भरले आणि जाताना म्हणाल्या, "माफ करजा भाऊ, मी जरा जास्तच बोलली."

आमच्या धंद्यात एक चांगली पद्धत आहे. ज्या भागाचे पैसे ग्राहक देतो, त्याचा काढलेला जुना भाग ग्राहकाला परत द्यायचा. तो त्याच्या मालकीचा असतो. बरेच जण देत नाहीत आणि लोकही मागत नाहीत. रऊफभाई मात्र न चुकता द्यायचा. एखादा दोन रुपयांचा बोल्ट असला तरी कागदात बांधून डिकीत ठेवायचा. सिस्टरांच्या गाडीतून काढलेली वायरींची आख्खी जुडी त्यानं खताच्या रिकाम्या पिशवीत घालून डिकीच्या कोपऱ्यात ठेवली होती. मला ते माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी सकाळी शोरूम उघडलं तेव्हा सिस्टर दारातच उभ्या होत्या. गाडी दोर लावून आणली होती. आदल्या दुपारी डायलिसिसला जाताना देवळी सोडल्यावर ती पुन्हा बंद पडली आणि या वेळी चालू झालीच नाही. सोयाबीनचे कट्टे नेणारा एक टेम्पो थांबला. सरांना ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि सिस्टर मागे कट्ट्यांवर बसून गेल्या, पासष्टीची बाई. पोहोचेपर्यंत सरांची पाळी गेली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ मिळाली. त्या रात्री सरांना आडवं होता आलं नाही, श्वास लागत होता. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, ड्युटी बदलताना नर्स दुसरीला सांगते तसं सांगितलं.

सरांची फाईल घ्यायला त्यांनी रस्त्यावर डिकी उघडली, तेव्हा ती खताची पिशवी त्यांच्या हाताला लागली होती. आता त्यांनी पिशवीतली जुडी माझ्या टेबलावर ओतली आणि रुमालातला तुकडा तिच्याशेजारी ठेवला. साहेब केबिनमधून बाहेर आले. काचेपलीकडून रऊफभाईही आला.

"मी हे रात्री सराईच्या उशाशी बसून पाह्यलं," सिस्टर म्हणाल्या. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक वायर तुटली नाई, एक दात लागला नाई. आन यात पिवळी वायर तं हायेच नाई. मंग हा तुकडा कोणाच्या गाडीतला आहे?"

"झाडे, ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

मला बोलायला फार तर दोन वाक्यं लागली असती. तुकडा माझ्या ड्रॉवरमधला आहे. मी न तपासता लिहिलं. एवढंच. त्या क्षणी माझ्या डोक्यात सरांचा श्वास नव्हता, सिस्टर नव्हत्या. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती, ते होतं, आणि साहेबांची नजर होती. मी म्हणालो, "वर्कशॉपमध्ये पिशव्यांची अदलाबदल झाली असेल साहेब. दुसऱ्या गाडीचा माल यांच्याकडे गेला. फोरमननं बघायला पाहिजे होतं."

साहेब रऊफभाईकडे वळले. रऊफभाईनं माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही, नुसतं पाहिलं. मग हातातल्या कपड्याला हात पुसत म्हणाला, "असन."

सिस्टरांनी आपला रुमाल उचलून पर्समध्ये ठेवला. त्यांनी माझ्या ड्रॉवरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या दिवशी तुकडा कुठून निघाला होता हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. एका शब्दात त्या मला उघडं पाडू शकत होत्या. त्या म्हणाल्या, "झाडे भाऊ, आमच्यात चुकीचं इंजेक्शन गेलं तं सिस्टरनं त्याच टायमाले सांगाव लागते. सांगतलं तं पेशंट वाचवता येते. मी नर्सिंगच्या पोरीयले हेच शिकवलं." आणि थांबल्या. माझ्यासाठी थांबल्या होत्या. मी जॉबकार्डाचं नवं पान उलटलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"ठेवा हे," त्या तुकड्याकडे बोट करून म्हणाल्या. "आमचा नाई."

रऊफभाईनं त्याच दिवशी गाडी गरम करून पंप तपासला. पंपच गेला होता. वॉरंटीत बदलून दिला आणि कंपनीनं दावा एका फटक्यात मान्य केला, एक प्रश्नही विचारला नाही. ज्या भीतीपायी मी हे सगळं केलं ती भीतीही खोटी निघाली. हार्नेसचे पैसे सिस्टरांना परत मिळाले. रऊफभाईचं फोरमनपद गेलं. त्याला गाड्या धुण्याच्या शेडवर पाठवलं. त्यानंतर तो डबा घेऊन माझ्याकडे आला नाही आणि मीही त्याच्याकडे गेलो नाही. एक महिना त्यानं गाड्या धुतल्या आणि मग सोडून गेला.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेब भाषणात म्हणाले की निवृत्तीपर्यंत शेवटची चार वर्षं झाडेंच्या टेबलावरून गेलेला वॉरंटीचा एकही दावा परत आला नाही. टाळ्या वाजल्या. बायको पहिल्या रांगेत होती, तिला माझी नोकरी अखेर कळली आणि तिचे डोळे भरून आले. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, माणूस भारावलाय. ड्रॉवर रिकामा करताना तो तुकडा मी खिशात टाकला, मागे ठेवायची हिंमत झाली नाही.

रऊफभाईचं देवळी रोडवर स्वतःचं गॅरेज आहे, हे मला केव्हापासून ठाऊक होतं. निवृत्तीनंतरही तिथे जायला मला दोन वर्षं लागली. यंदा उन्हाळ्यात माझी जुनी गाडी घेऊन गेलो. ब्रेक लावला की किंचाळायची, तेवढं निमित्त होतं. टिनाच्या शेडखाली तीन गाड्या उभ्या होत्या. त्यातली एक सिस्टरांची होती, मी नंबरावरून ओळखली. रऊफभाईची दाढी पांढरी झाली होती. त्यानं मला पाहिलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एक वही काढली.

"काय तक्रार आहे?"

"ब्रेक लावला का किंचाळते," मी म्हणालो. त्यानं तसंच लिहिलं. 'ब्रेक लावला का किंचाळते.' वरच्या ओळी मला दिसल्या. सगळ्या लोकांच्या बोलण्यातल्या होत्या. 'चढावर दम लागते.' 'काच वर जाता जाता इसरते.'

"आणखी एक आहे," मी म्हणालो, आणि खिशातून तुकडा काढून वहीवर ठेवला. मग जे त्या सकाळी दोन वाक्यांत सांगायचं होतं, ते मी अर्धा तास सांगत बसलो. साहेबांची भीती, परत आलेले दावे, ड्रॉवर, सगळं. त्यानं मधे एकदाही अडवलं नाही.

"मले तवाच माहीत होतं," तो म्हणाला. "त्या ड्रॉवरात मीच कितीदा तमाखूची पुडी शोधाले हात घालत होतो."

"मग 'असन' काऊन म्हणाले तुमी?"

"ग्राहकासमोर तुमची इज्जत काऊन काढाची, म्हटलं. वाटलं, सिस्टर गेल्यावर तुमी सायबाले सांगान. त्या दिवशी नाई तं दुसऱ्या दिवशी सांगान." त्यानं वही मिटली. "म्हणूनच तं महिनाभर गाड्या धुतल्या मी. लगेच सोडून गेलो असतो तं तुमाले सांगाले जागाच नसती राह्यली."

रडू आलं असतं तर बरं झालं असतं, ते आलं नाही. मी विचारलं, आता साहेबांना सांगू का? तो म्हणाला, साहेब रायपूरकडे गेले, आता कोणाले सांगता. सिस्टरांना? तो म्हणाला, "सिस्टरले काय सांगता? त्या तं तिथंच उभ्या होत्या." सांगायला कुणीच उरलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

त्यानं ब्रेकचं काम केलं. चाक खोलून झिजलेले पॅड मला दाखवले, नवे बसवले, गाडी स्वतः चालवून पाहिली. पैसे घेतले, बरोबर तेवढेच, ओळखीचे म्हणून कमी नाहीत आणि जास्तही नाहीत. मी गाडीत बसलो तेव्हा तो मागून आला. जुने पॅड त्यानं वर्तमानपत्रात बांधले होते. वहीवरचा पिवळा तुकडा उचलून त्यानं त्याच पुडीत घातला.

"तो राहू द्या रऊफभाई," मी म्हणालो. "फेकून द्या."

"फेकत नाई जी," तो म्हणाला. "ज्याचा माल त्याले वापस." आणि डिकी उघडून पुडी आत ठेवली.